बाहेर पाहायचं नाही

शकुननं नवस बोलला होता रोडग्यांचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा. नवऱ्याचा, शेषरावांचा गुडघा बदलून झाला, ते काठी टेकत का होईना चालायला लागले, की कौंडण्यपूरला जाऊन देवीला रोडगे घालायचे, एवढंच. भांडण त्या नवसात कुठंही नव्हतं. पण या घरातली चार माणसं एका सतरंजीवर बसली आणि खो-खोवरून वाजलं नाही, असं कधी झालंय का? लोकांच्या घरी शेताच्या धुऱ्यावरून वाजतं, दागिन्यावरून वाजतं. यांच्याकडं खांबावरून आणि शिट्टीवरून.

त्यातून आजचा रविवार वाईट. उद्या सोमवारी अमरावतीला विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाची बैठक होती आणि मुलींच्या खो-खो संघाचा प्रशिक्षक बदलायचा की ठेवायचा, हे तिथं ठरणार होतं. प्रशिक्षक म्हणजे शेषरावांचा मुलगा योगेश, अकोल्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक. आणि हा विषय निघाला होता शेषरावांच्याच मुलीमुळं. रागिणी विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची प्राध्यापक. खेळातलं नेतृत्व हा तिचा अभ्यासाचा विषय. बहिणीनं शोधनिबंधात चार ओळी लिहिल्या आणि भावाचं पद हललं. आता दोघंही आईच्या नवसाला वर्धा नदीच्या काठी आलेले. बसा आता.

रागिणी गाडीतून उतरली तेव्हा योगेश गोवऱ्या रचत होता. त्यानं मान वर केली नाही. 'कवा निघाली?' एवढंसुद्धा विचारलं नाही. तिचा नवरा गोपाल मात्र उतरल्या उतरल्या बाह्या वर करून मेव्हण्याच्या शेजारी जाऊन बसला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "योगेशभाऊ, मी तं तिले तवाच म्हतलं होतं. भावाच्या संघाले कॅमेरा लावू नको म्हनून."

"घ्या," रागिणी मनात म्हणाली. "घरचाच माणूस पह्यल्या मिनिटाले फुटला."

त्याची भरपाई दुसरीकडून झाली. योगेशची बायको कुंदा कणीक मळत होती, तिनं रागिणीला हाताला धरून परातीजवळ बसवलं. पिठानं भरलेल्या हातानंच ती कुजबुजली, "ताई, मी तुमच्या बाजूनं हाय बरं का."

"काहून व वहिनी?"

"काहून म्हंजे? रोज सकाळी मैदान, रोज संध्याकाळी मैदान. दिवाळीच्या दिवशी बी उटणं लावून मैदान. गेलं ते कोचपद तं घरात माणूस तरी दिसन मले."

रागिणीला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. भावाचं पद जावं म्हणून तिनं काही लिहिलं नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. खो-खोत सगळं जग पळणाऱ्याला पाहतं. तिचा कॅमेरा बसलेल्या पोरींची तोंडं टिपायचा. समोरची तुकडी बाद झाली, चूक झाली, गुण गेला, अशा वेळी पोरगी कोणाकडं पाहते? जिच्याकडं किंवा ज्याच्याकडं पाहते तोच त्या संघाचा नेता, मग कागदावर कॅप्टन कोणीही असो. एवढ्या एका विचारावर तिनं पीएच.डी. केली होती, आणि नव्या वर्गाला पहिल्या दिवशी ती तेच सांगायची. "मी खेळत होते तेव्हा प्रत्येक वेळी बाबांकडं पाहायची. बाबा मान हलवायचे. ती मान हलली की माझ्या पायात पुन्हा जोर यायचा. नेतृत्व म्हणजे ती मान."

आणि ज्या संघांचं तिनं चित्रण केलं, त्यांत एकच संघ असा निघाला की पोरी कोणाकडंच पाहत नव्हत्या, प्रशिक्षकाकडंही नाही.

* * *

योगेशला गोवऱ्यांचा धूर लागत होता, पण डोळे त्यामुळं लाल झाले नव्हते. निबंधातलं ते वाक्य त्याला पाठ झालं होतं. पाठ करायचं नव्हतं, झालं. कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनमध्ये, स्टाफरूममध्ये, अकोटच्या एका शाळेत निवड चाचणीला गेला तिथं, सगळीकडं ते वाक्य त्याच्याआधी पोचलेलं असायचं. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. 'मॅडमचं संशोधन वाचलं सर,' एवढंच म्हणायचे.

निखारे पडले, रोडगे आत गेले, वरून राख ओढली. आता बसायचंच होतं. शकुन वांग्याच्या भाजीला फोडणी घालत म्हणाली, "रागे, दादाले पाणी दे." रागिणी तांब्या घेऊन आली. योगेशनं तांब्या घेतला, आणि एवढा वेळ धरलेलं सुटलं.

"प्रशिक्षकाचं अस्तित्व संघाला जाणवत नाही," तो एकेक शब्द तोडत म्हणाला. "असं हाय ना? सकाळी अंधारात मैदानावर चुन्याची फक्की कोन मारते? अस्तित्व मारते का? पोरींच्या मायबापाले जाऊन हातापाया कोन पडते, का बाई, पाठवा पोरीले बाहेरगावी म्हनून?"

"दादा, मी तुहं नाव लिहिलं नाई. सगळ्या संघांले नुसती अक्षरं देली होती."

"अक्षर! निळी जर्सी घातलेलं अक्षर! फोटो छापला तुनं त्यात. निळी जर्सी अख्ख्या विद्यापीठात कोनाची हाय?"

 रागिणीनं फोटोत चेहरे धूसर केले होते. जर्सीचा रंग काढायचं डोक्यातच आलं नव्हतं. मंडळातल्या एका सदस्यानं तो रंग ओळखला आणि विषय बैठकीत घेतला.

"भांडा," कडुलिंबाखाली खुर्चीवर बसलेले शेषराव म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरात पी.टी. शिकवली होती आणि मोर्णा नदीच्या काठावर खो-खोचं मंडळ उभं केलं होतं. आवाज अजून मैदानाच्या त्या टोकाला जाईल असा. "भांडा, पन रोडगे करपू देऊ नका."

"बाबा, तुमी मधात पडू नका."

"मी कुठी पडून राहिलो? मले पडायची डॉक्टरनं मनाईच केली हाय."

गोपाल हसला आणि बायकोच्या नजरेनं गप्प झाला.

योगेशला वाटलं होतं, ती आता माफी मागेल किंवा उलटून बोलेल. दोन्हीची त्यानं तयारी ठेवली होती. पण रागिणी त्याच्यासमोर धुळीत खाली बसली आणि लहानपणी गणित अडलं की जसा चेहरा करायची तसा चेहरा करून म्हणाली, "दादा, तुले राग येऊ दे. पन मले एक गोष्ट खरंच समजली नाई. बाकीच्या ठिकानी कोच ढिला असला का पोरी दुसऱ्या कोनाकडं तरी पाहतात. कॅप्टनकडं, बाकावरच्या जुन्या खेळाडूकडं, एका संघात तं पानी देनाऱ्या बाईकडं पाहत होत्या. तुह्या पोरी कोनाकडंच पाहत नाई. गुन गेला तरी नाई. असं कसं होते?"

"अन् समजलं नाई तं लिहिलं कायले?"

हा प्रश्न तिला लागला. दिसलं त्याला. लागावं असंच त्याला वाटत होतं, तरी तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला काही फार बरं वाटलं नाही.

"सोपं उत्तर होतं, ते लिहून टाकलं," ती म्हणाली. मग वळून तिनं हाक मारली, "गीता! इकडं ये बरं."

* * *

गीतांजली योगेशची मुलगी, वडिलांच्याच कॉलेजात शिकणारी आणि विद्यापीठ संघात पहिल्या चौकात बसणारी. ती नदीत पाय घालून बसली होती. मोठ्यांच्या भांडणात आपल्याला ओढणार हे तिला सकाळपासून ठाऊक होतं, म्हणूनच ती लांब गेली होती. आली ती ओल्या पायांनी, कपाळाला आठ्या घालून.

रागिणीनं मोबाइलवर चित्रण लावलं. कुंदा हात पुसत आली, गोपाल मागून वाकला. योगेश वाकला नाही, पण सरकला.

"आत्या, हा तं उपांत्य सामना हाय," गीतांजली म्हणाली. "हरलो तो."

"हो. पाह्य, आता समोरची तुकडी बाद झाली. टाळ्या वाजून राहिल्या. तू बसलेली. मान खाली. तुह्या मागची, तिची बी मान खाली. दादा अठी, रेषेबाहेर, चार हातांवर उभा हाय. एकीनं बी वर पाह्यलं नाई. काहून?"

"बाहेर पाहायचं नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे नियम हाय ना." गीतांजलीला प्रश्नच कळेना. "चौकात बसलं का बाहेर पाहायचं नाई. पाह्यलं का सराव संपल्यावर मैदानाच्या चकरा. अन् पप्पाकडं तं नाईच नाई. पप्पा म्हनतात, मी काय करून राहिलो ते तुमाले काय करायचं? गडी कुठी हाय ते पाहा."

रागिणीच्या हातातला मोबाइल तसाच चालू राहिला. तिनं योगेशकडं पाहिलं. "हा नियम तू कवा काढला?"

"मी काढला?" योगेश आता खरोखर चकित झाला. "अव, आपल्या मंडळाचा नियम हाय! बाबानं पह्यल्या दिवशी सांगतला आमाले. 'जो बाहेर पाहीन तो गडी माहा नाई.' मी एकदा पाह्यलं होतं तं चौकात बसू देलं नाई लय दिवस, नुसता खांबाजवळ उभा केला. तुले काय सांगून राहिलो मी हे? तू बी तं त्याच मंडळात होती."

"मले नाई सांगतलं."

"असं कसं?"

"दादा, मले कोनी कधीच नाई सांगतलं. मी हर वेळेस पाहायची. बाबा मान हलवायचे."

 योगेशला ती हलणारी मान आठवली असावी. आणि मग सगळ्यांनी, अगदी ओल्या पायांच्या गीतांजलीनंही, कडुलिंबाखालच्या खुर्चीकडं पाहिलं. शेषरावांनी मात्र नदीकडं पाहिलं. पलीकडच्या काठावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

* * *

शकुनला ठाऊक होतं. तिला सगळ्यात आधी ठाऊक होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

जुन्या शहरातल्या त्या दोन खोल्यांत पहाटे शेषराव उठायचे. योगेशच्या पाठीवर चापट बसायची, "ऊठ बे, पोट्टे मैदानावर पोचले." शेजारी रागिणी झोपलेली. तिच्या अंगावरची गोधडी ते सारखी करायचे, पायावर ओढायचे आणि दार हलकेच लोटून जायचे. शकुनला तेव्हा वाटायचं, केवढा जीव आहे पोरीवर! जीव होताच. पण ती पोरगी दार लोटल्यावर डोळे उघडायची आणि पडून राहायची, हेही शकुननं पाहिलं होतं. संध्याकाळी शकुन फुलांचे हार घेऊन बाजारात बसायची, घरात कोणी नसायचं, म्हणून पोरगी मैदानावर जायची. तिथं एक दिवस मुलींच्या डावात एक गडी कमी पडला आणि तिला बसवलं. पुढं तिनं मेडल आणली, पेपरात फोटो आला, 'शेषराव सरांची मुलगी' म्हणून आला. तेव्हापासून सगळे धरूनच चालले की सरांनी तयार केली.

"सांगा ना आता," शकुन भाजी ढवळत म्हणाली. "विचारून राहिली पोरगी."

"काय सांगू?"

"जे हाय ते."

शेषरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुले मी शिकवलंच कुठी, रागे?" ते म्हणाले. नेहमीचा आवाज नव्हता, जवळच्यांनाच ऐकू आला. "पोरगी हाय, म्हतलं. दोन-चार वर्सं खेळन, मंग लगन होईन, आपल्या घरी जाईन. कायले रगडायची? तू आपली पाहून पाहून खेळत होती. ज्याले शिकवायचं नाई त्याले नियम तरी कायले लावायचा?"



"अन् ती मान?" रागिणीनं विचारलं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याच्या पुढं तिचा प्रश्न धावत होता. ही पोरगी पहिल्यापासून अशीच. "मी पाहायची तवा मान हलवत होते तुमी. ते काय होतं?"

"तू पाहायची, तं काही तं कराव लागन ना मले," शेषराव म्हणाले. "खरं सांगू? तू खांबाजवळून जशी आत वळायची ना, ते मी कोनाले शिकवलं नव्हतं. ते बरोबर हाय का चूक, मलेच समजत नव्हतं. पन मान हलवली का तू आनखी जोरानं पळायची. म्हनून हलवायचो."

रागिणी हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसली, आणि शकुनला ते हसणं पाहवेना.

"बाबा," ती म्हणाली, "मी अख्खं शास्त्र उभं केलं हो तुमच्या मानेवर. पोरांले शिकवलं. देशभर जाऊन भाषणं देली."

"मंग चुकलं असन तं दुरुस्त कर," शेषराव म्हणाले. त्यात माफी नव्हती. पण या वेळी त्यांनी नदीकडं पाहिलं नाही, लेकीकडं पाहिलं.

कुंदा मध्येच भडकली. "मामाजी, हे बरं नाई केलं तुमी," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याला ती पहिल्यांदाच असं बोलली असेल. शेषरावांनी मान डोलावली.

* * *

रोडगे निघाले. योगेशनं ते कापडात घेऊन झटकले, फोडले, शकुननं तूप सोडलं. देवीचा नैवेद्य वर देवळात जाऊन आला आणि मंडळी जेवायला बसली. भूक कोणाला थांबत नाही.

"उद्या मी बैठकीत सांगीन," रागिणी म्हणाली. "माहा निष्कर्ष चुकला म्हनून. पोरी पाहत नाई याचा अर्थ कोच नाई असा नाई होत. त्यायले न पाहायचं शिकवलं हाय, अन् ते त्या तंतोतंत करतात. त्याच्यापेक्षा मोठं अस्तित्व कोनतं?"

सकाळी हे ऐकलं असतं तर योगेश उडाला असता. आता त्यानं वांग्याची फोड ताटात इकडून तिकडं केली. "नको सांगू."

"काहून?"

"लोक काय म्हनतीन? बहिनीनं भावाले वाचवलं. तुहं नाव बी जाईन अन् माहं पद बी. राहू दे. नऊ वर्सं केलं, झालं."

"हे मात्र खरं हाय," गोपाल म्हणाला. तोही सकाळपेक्षा उतरला होता. "आजच सगळे भेटले अन् उद्याच निष्कर्ष बदलला. कोनीही हेच म्हनन."

"म्हनू द्या," कुंदा म्हणाली. "ताई, तुमी बोलाच. घरात माणूस नाई दिसला तरी चालन मले."

योगेशनं बायकोकडं असं पाहिलं की जणू ही कोण बाई. रागिणी मात्र जेवायची थांबली होती. तिचा तो गणिताचा चेहरा परत आला होता.

"मी पोरींची तोंडं पाह्यली," ती हळूहळू म्हणाली. "तासन्‌तास पाह्यली. पन एकीले बी विचारलं नाई, का तू काहून पाहत नाई? आज गीताले विचारलं, तं एका वाक्यात सांगतलं तिनं. दादा, उद्या मी नाई बोलत अन् तू बी बोलू नको. संघातल्या पोरींले बोलवू बैठकीत. आपुन दोघं बाहेर थांबू. मंडळानं त्यायलेच विचाराव, कोच पायजे का नाई."

योगेशनं ताट थोडं पुढं सरकवलं. निबंधातल्या वाक्यापेक्षाही हे त्याला अवघड वाटलं. इतक्या वर्षांत त्यानं पोरींना पळायला, बसायला, उठायला, हरायला शिकवलं होतं. आपण कसे वाटतो, हे त्यानं कधीच विचारलं नव्हतं. बाबांनी त्याला विचारलं नव्हतं, मग त्यानं कशाला कोणाला विचारावं?

त्यानं मुलीकडं पाहिलं. ती खाली मान घालून रोडगा कुस्करत होती.

"गीता, तुले बोलवलं तं तू काय सांगशीन?"

"खरं सांगीन."

"काय खरं?"

"तुमी चांगलं शिकवता. बाकी कोनाकून आमी इतकं शिकलो नसतो." तिनं आजीकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. "पन पप्पा, त्या सामन्यात, शेवटी, आपन एका गुनानं मागं होतो. मी चौकात बसली होती. मले लय भेव लागत होतं. मले एकदा पाहायचं होतं तुमच्याकडं. नाई पाह्यलं."

"मी तुह्याकडंच पाहून राहिलो होतो," योगेश म्हणाला.

"मले कसं माहीत पडन?"

 शेषराव काहीतरी म्हणणार होते. शकुननं त्यांच्या गुडघ्यावर, नव्या गुडघ्यावर, हात ठेवला आणि ते थांबले.

"हे बी सांगू का तठी?" गीतांजलीनं विचारलं. आता तिची मान वर होती आणि ती सरळ बापाकडं पाहत होती. "शिकवता चांगलं, हे सांगीन. अन् पाहू देत नाई, हे बी?"

योगेशनंही नजर वळवली नाही.

"दोन्ही सांग," तो म्हणाला.